मालमत्ता एजंटाने ब्लॉग लिहायला कसे शिकावे?

पुण्यात नव्याने महारेराची, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी घेतलेल्या एजंटाने ग्राहक जोडणारे ब्लॉगलेखन कसे शिकावे, या आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की घर पाहायला आलेली माणसे जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावेत आणि एका लेखात एकाच प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यावे. ‘स्वप्नातले घर’ या विषयावर लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु करार नोंदवण्यापूर्वीच बिल्डरने २० टक्के रक्कम मागितली तर काय करावे, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे तोच खरा खरेदीदार असतो, आणि २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याचे कलम १३ नोंदणीकृत विक्री करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई करते, हे त्याला स्पष्ट सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास बसतो. त्याचप्रमाणे कार्पेट एरियात, म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रफळात, सदनिकेच्या आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती व बाल्कनी मात्र नाही, हे एखाद्या दोन खोल्यांच्या घराचा नकाशा काढून दाखवावे. असा एक लेख लिहिताना आपलाही कायदा पक्का होतो. मुद्रांक शुल्काचे व रेडी रेकनरचे (सरकारने ठरवलेल्या मालमत्ता मूल्याचे) दर बदलत असल्याने त्या लेखांवर तारीख घालावी. मात्र एखाद्या प्रकल्पातील सदनिका विकण्यासाठी लिहिलेला मजकूर माहितीपर लेख न राहता जाहिरात ठरतो, म्हणून तेथे प्रकल्पाचा महारेरा क्रमांक न चुकता द्यावा. आणि नोंदणी आवश्यक असूनही ती न झालेल्या प्रकल्पाच्या विक्रीत मध्यस्थी करणे एजंटाला कलम १० नुसार निषिद्धच आहे.