आम्लाच्या डोहातील प्रथिने

प्रश्न : अतिउष्ण, अतिखारट किंवा अतिआम्ल ठिकाणी राहणारे बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत, म्हणून त्यांचा डीएनए थेट नमुन्यातून वाचतात, असे वाचनात आले. जनुके हाती आल्यावर प्रथिने वेगळी तपासण्याचा खटाटोप कशासाठी करतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जनुकसंचावरून एखादा जीव काय काय करू शकेल याचा अंदाज बांधता येतो, पण नमुना घेतला त्या वेळी तो प्रत्यक्षात काय करत होता, हे त्याने तयार केलेल्या प्रथिनांवरूनच कळते. शिवाय अतिविषम ठिकाणच्या जीवांची पुष्कळशी जनुके ओळखीच्या कोणत्याही जनुकाशी जुळत नाहीत. समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांच्या परिसरात सापडलेल्या ‘मेथॅनोकोकस जॅनाशी’ या जीवाचा जनुकसंच 1996 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील 1,700 हून अधिक जनुकांपैकी निम्म्याहून जास्त जनुकांचे कार्य सांगता आले नव्हते. अशा अनोळखी जनुकांपैकी कोणती खरोखर वापरात आहेत, हे केवळ डीएनए वाचून ठरवता येत नाही.

या दोन्ही पद्धती एकत्र कशा चालतात, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन या बंद पडलेल्या खाणीचे आहे. तेथील पायराइट, म्हणजे लोह व गंधकाचे खनिज, हवा आणि पाण्याच्या संपर्कात येऊन गंधकाम्ल तयार होते, आणि सूक्ष्मजीव पाण्यातील फेरस लोहाचे सतत फेरिक लोहात रूपांतर करत राहिल्यामुळे ही क्रिया कितीतरी वेगाने होते. खाणीच्या आतील डोहांचा सामू 1 च्या आसपास असतो, तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि तरीही त्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा गुलाबी थर धरतो. हा थर पूर्णपणे सूक्ष्मजीवांचा असतो.

जिलियन बॅनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये या थरातील डीएनए एकत्रितपणे वाचला आणि तुकडे जुळवून ‘लेप्टोस्पिरिलम’ व ‘फेरोप्लाझ्मा’ या सूक्ष्मजीवांच्या प्रत्येकी एका प्रकाराचे जवळजवळ पूर्ण जनुकसंच उभे केले. थरात संख्येने कमी असलेल्या लेप्टोस्पिरिलमच्या दुसऱ्या एका प्रकारात हवेतील नायट्रोजन स्थिर करणारी जनुके आढळली. तेव्हा संशोधकांनी नायट्रोजनयुक्त संयुगे मुळीच न घातलेले माध्यम वापरले आणि तोवर हाती न लागलेला हा जीव वेगळा वाढवून दाखवला. प्रयोगशाळेत वाढत नाही म्हणून ज्याचा डीएनए वाचायचा, त्याला वाढवण्याची युक्ती त्या डीएनएनेच सांगावी, हा भाग मला विशेष आवडतो.

पुढच्याच वर्षी त्यांनी अशाच थरातील प्रथिनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची रीत अशी : प्रथिने वेगळी काढून ट्रिप्सिन या विकराने त्यांचे तुकडे करायचे (हे विकर लायसिन व आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे साखळी कापते), ते तुकडे द्रव क्रोमॅटोग्राफीने विलग करायचे, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांचे आणि ते आणखी फोडून मिळालेल्या उपतुकड्यांचे वस्तुमान मोजायचे, आणि जनुकसंचावरून संगणकाने वर्तवलेल्या प्रथिनांच्या यादीशी ते ताडून पाहायचे. यादीच नसेल तर या मोजमापांचा अर्थ लावणे अतिशय कठीण जाते. म्हणूनच जनुकसंच आधी हाताशी असावा लागतो. एका अमिनो आम्लाचा जरी फरक असला तरी तुकड्याचे वस्तुमान सहसा बदलते आणि जुळणी हुकते, त्यामुळे ही यादी शक्यतो त्याच ठिकाणच्या जीवांची असावी लागते.

या अभ्यासात पाच प्रमुख जीवांची 2,033 प्रथिने ओळखली गेली. बिघडलेल्या प्रथिनांची घडी पुन्हा बसवणारी आणि ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून बचाव करणारी प्रथिने त्यांत विपुल होती, यावरून पेशीतील रेणूंची मोडतोड हे तेथील जगण्यातले मोठे संकट असावे, असे अनुमान निघाले. मात्र खरा शोध वेगळाच होता. भरपूर प्रमाणात आढळलेले एक प्रथिन कोणत्याही ज्ञात प्रथिनासारखे नव्हते. ते शुद्ध करून तपासल्यावर लोहाचे ऑक्सिडीकरण करणारे सायटोक्रोम, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारे प्रथिन, निघाले. म्हणजे डोहात आम्ल तयार होण्याच्या मुळाशी असलेले प्रथिन जनुकांच्या यादीत ‘कार्य अज्ञात’ या रकान्यात पडून होते.

प्रश्न : 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा त्याचे कारण सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले गेले. तेथेही अशी तपासणी करता येईल का?
– एक वाचक, मेहकर

उत्तर : करता येईल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तो रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय जीवांमुळे आल्याचे सांगितले होते. अशा जीवांच्या पेशीत पोटॅशियम क्षार ठासून भरलेला असतो आणि त्यांच्या प्रथिनांत आम्लधर्मी अमिनो आम्ले फार असतात, त्यामुळे ती प्रथिने खारट परिस्थितीतच नीट टिकतात. यातून एक अडचणही उद्भवते : यातील बऱ्याच जीवांच्या पेशी साध्या पाण्याने धुतल्या तर फुटतात आणि प्रथिने पाण्याबरोबर निघून जातात, तर क्षार तसाच ठेवला तर मास स्पेक्ट्रोमीटरमधील मोजणी बिघडते. म्हणून पेशी आधी खारट द्रावणात धुऊन गोळा करतात आणि प्रथिने बाहेर काढल्यानंतरच क्षार वेगळा करतात. शिवाय मेलेल्या पेशींचा डीएनएही काही काळ पाण्यात टिकून राहू शकतो. त्यामुळे नुसता डीएनए वाचला, तर त्यात सापडलेल्या जीवांपैकी रंग आला त्या दिवसांत कोण कार्यरत होते, हे खात्रीने सांगता येणार नाही.