आधार माहं, ओटीपी जवायाच्या मोबाईलवर

प्रश्न : ताई नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातला, वय ६७, चार एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. सातवी पास हाय, पेपर रोज वाचतो, म्हणजे अडाणी नाही. हे पत्र पुतणीकडून टाईप करून घेऊन रायलो. माह्याकडे बटनाचा फोन हाय, मोठा मोबाईल घेतला नाही अन् घ्याचा बी नाही. पण आता कुठंबी गेलं की पयला प्रश्न, काकाजी ओटीपी आला का? आधारले जवायाचा नंबर देला होता, त्यानं ते सिमच फेकून देलं. पीएम किसानचे दोन हप्ते आले नाही. सेवा केंद्रात गेलो तर त्या पोरानं मशीनवर अंगठा ठेवाले लावला, सीतादही (कापूस वेचणीची पयली पूजा) झाल्यापासून कापूस वेचून वेचून बोटाचं कातडं निघालं, मशीन लाल लाईटच दाखवत रायलं अन् मागचे लोकं म्हणे बुढ्याले बाजूले घ्या. तलाठ्याले सातबारा मागतला तर म्हणते नेटवर हाय. आता तुम्हीच सांगा, मोबाईल न घेता माह्यं भागन का नाही?

उत्तर : काकाजी, भागते. पण आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, तुमचा सातबारा नेटवर, राशन कार्ड नेटवर, बँक खातं नेटवर, म्हणजे तुमचं सगळं घरदार कधीच ऑनलाईन गेलेलं आहे, फक्त त्याची चाबी जवायाच्या खिशात होती आणि ती त्यानं सिमसोबत फेकली. मोठा मोबाईल नंतरची गोष्ट. ओटीपी म्हणजे साधा मेसेज, तो बटनाच्या फोनवर पण येतो, त्याला नेट लागत नाही. लोक हे सांगतच नाहीत, आणि म्हातारी माणसं उगाच समजतात की ओटीपीसाठी दहा-बारा हजाराचा डबा घ्यावा लागेल.

तर सगळ्यात आधी आधारवर तुमच्या त्या बटनाच्या फोनचा नंबर चढवा. कागद काहीच लागत नाही, फी ७५ रुपये. पोस्टमन पण घरी येऊन हे काम करून देतो, पण त्याच्याकडे बोटाचं मशीन आणि तुमच्या बोटांचं सांगितलं तुम्ही, म्हणून तालुक्याच्या आधार केंद्रावरच जा, तिथं डोळ्याचं पण मशीन असते. एसटीचं अर्धं तिकीट तर तुम्हाला लागूच आहे. आणि हे उद्यावर टाकू नका, कारण नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करते आणि पुढं कोणाला तरी नवीन सिम म्हणून देऊन टाकते. म्हणजे तुमच्या आधारचा ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत बसेल. आपला नंबर चढवला की मग रिचार्जचा खंड पडू देऊ नका, अगदी कमीचा मारला तरी चालेल.

आता बोटं. कापूस वेचणाऱ्या, फवारणी करणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या माणसाचा अंगठा मशीनला दिसत नाही यात माणसाचा काही दोष नाही, बोंडाच्या टोकानं बोटं सोलून निघतातच. फक्त अंगठ्यावर अडून बसू नका, दहाही बोटं लावून बघा, आदल्या रात्री खोबरेल चोळा, जायच्या आधी कोमट पाण्यानं हात धुवून पुसून कोरडे करा. तरी नाही झालं तर पीएम किसानची केवायसी चेहऱ्यावरून पण होते, कोणाच्याही मोबाईलवर त्यांच्या ॲपमधून. त्यात पापणी मिटा-उघडा म्हणते. ह्याच पापणीवरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं बरं, ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बायांना बँकेची केवायसी करता येत नव्हती, आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. राशनचं तर त्याहून जुनं, आधार जुळत नाही म्हणून हक्काचं धान्य नाकारायचं नाही असं कोर्टानं २०१८ मध्येच म्हटलेलं आहे. दुकानदारानं परत पाठवलं तर कार्डावर नाव असलेलं घरातलं दुसरं कोणी अंगठा लावू शकते, आणि तेही जमलं नाही तर सरळ तहसीलच्या पुरवठा विभागात लेखी द्या, वरच्या कॉपीवर पोच घेऊन.

हप्त्याचं मला मात्र वेगळंच वाटते. केवायसी अडकली असेल तर तो २००० चा हप्ता अडकतो आणि त्याच्यामागं राज्याचा नमो शेतकरीचा पण अडकतो, हे खरं. पण बऱ्याचदा पैसे आलेले असतात आणि भलत्याच खात्यात पडलेले असतात! आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं त्यात सरकारी पैसा जातो, आणि सिम घेताना नाहीतर कुठल्या कॅम्पात कोणीतरी अंगठा घेऊन तुमचं दुसरं खातं उघडून ठेवलेलं असते, तुम्हाला पत्ताच नसतो. बँकेत जाऊन एवढंच विचारा, साहेब माझ्या आधारला कोणतं खातं लिंक आहे. आमच्या ओळखीच्या एका मावशीचे असे चार हप्ते सापडले, त्या बिचाऱ्या वर्षभर पासबुक भरून भरून घरी येत होत्या, वेगळ्याच बँकेचं.

सातबाऱ्याचं तलाठी (कागदावर ते आता ग्राम महसूल अधिकारी झाले, गावात तलाठीच) बरोबर बोलले, पण अर्धं. डिजिटल सहीचा सातबारा नेटवरून १५ रुपयांत निघतो, त्यावर शिक्का लागत नाही. सेवा केंद्रवाला वरून प्रिंटचे घेईल ते द्या, पण दरपत्रक भिंतीवर असायला पाहिजे आणि पावती मागायची. दाखल्यांसाठी अर्ज दिला की पोच घ्याच, लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, मुदतीत काम नाही झालं तर ३० दिवसांत अपील करता येते आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. हे बोलायची वेळ येतच नाही बहुतेक, पोच खिशात असली की आवाज आपोआप खाली येतो समोरच्याचा.

सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, कापूस द्यायचा असेल तर २०२५ च्या हंगामापासून ॲपवर नोंदणी, मग स्लॉट. त्यासाठी पुतणीचा मोबाईल घ्या, पण नंबर तुमचाच टाका. बस एवढंच पाळा, मोबाईल कोणाचाही, नंबर आपला. आणि मशीनवर अंगठा ठेवण्याआधी विचारा की हा कशाचा, केवायसीचा की पैसे काढायचा. दोन्हीला अंगठा सारखाच लागतो म्हणून सांगते, पावती नाही तर दुसऱ्यांदा अंगठा नाही. पैसे पाठवायचेच झाले तर बटनाच्या फोनवरून *९९# लावून ५००० पर्यंत जातात, नेट लागत नाही, पण पहिल्यांदा एटीएम कार्ड जवळ ठेवून पुतणीला बसवून करा.

प्रश्न : मी चिखलदरा तालुक्यात राहते, बारावी झाली, गावात नेटवर्क फक्त तलावाच्या वरच्या टेकडीवर येते. लाडकी बहीणच्या केवायसीच्या वेळी २२ बायांची केवायसी माझ्या फोनवरून केली, रात्री साईट चालायची म्हणून टेकडीवर टॉर्च घेऊन बसायचो. आता पीक पाहणी, राशन सगळं माझ्याकडेच. सासूबाई म्हणतात फुकट मरतेस. एका काकूचे पैसे कमी निघाले तर त्यांनी माझ्यावरच संशय घेतला. हे काम सोडून देऊ का?

उत्तर : नको सोडू, पण फुकट पण करू नको. सासूबाई बरोबर आहेत. फॉर्ममागे दहा-वीस रुपये घे आणि लाजू नको, टेकडी चढायचे कोणी देत नाही. पण एक वही कर, तारीख, कोणाचं काय केलं, ज्याचं त्याची सही. आधारचे फोटो काम झालं की समोरच डिलीट कर, आणि कोणाच्याही बँकेला नाहीतर आधारला तुझा नंबर अजिबात चढवू नको, कितीही म्हटलं की पोरी तुझाच टाक. पीक पाहणी एका फोनवरून अनेकांची चालते, शिवाय त्यासाठी सहायक नेमलेले असतात, सगळं तुझ्या अंगावर घेऊ नको, तलाठ्याला विचार तुमच्या गावाचा कोण.

काकूंना घेऊन बँकेत जा. पासबुकवर कुठून किती निघाले ते दिसते, अंगठ्यानं निघाले असतील तर तेही तिथं लिहून येते. फसवणूक वाटली तर त्याच दिवशी १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. वहीची मात्र सुरुवात काकूंपासून कर, त्यांच्याच सहीनं.