घंगाळ कधी काढू, बंब कधी ठेवू?

मागच्या अंकात शेतावरच्या जुन्या घरांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, तर इंदूर, देवास, महू असं सगळीकडून इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून त्यातले पाच निवडलेत.

प्रश्न : ताई, देपालपूरकडे सासऱ्यांचं शेतात जुनं घर आहे. मातीच्या जाड भिंती, पुढे ओसरी, वर कवेलू म्हणजे कौलं. आम्ही राहतो इंदूरला पण आता दर शनिवार-रविवार तिकडे जायचं ठरवलंय. माळ्यावर पितळी, तांब्याची खूप भांडी आहेत, दोन लामणदिवे, एक पाणी तापवायचा बंब, लाकडी पाट, चिनी मातीच्या बरण्या. मला दर ऋतूला घराचा लूक बदलायचाय, इन्स्टाग्रामवर दाखवतात तसा, पण सुरुवात कुठून करू कळत नाही. नवीन काय काय आणावं लागेल? — एक सून, इंदूर

उत्तर : वहिनी, सगळ्यात आधी सांगते, अजून बाजारात जाऊ नका. कसेरा बाजारातून चार हंडे उचलून आणले की घर जुनं दिसेल असं वाटतं, पण ते दुकानासारखं दिसायला लागतं, कारण त्या हंड्यांना त्या घरातली जागा माहीत नसते. आधी माळ्यावर चढा आणि सगळं खाली ओसरीत मांडा, आणि सासूबाई किंवा एखादी आत्या असतील तर त्यांना शेजारी बसवून एकेका वस्तूवर हात ठेवून विचारा की हे कधी काढायचे आणि कुठे ठेवायचे. बघा तुम्ही, त्या तुम्हाला महिने सांगतील. हे चैत्रात, हे गौरींना, हे थंडीत. ते लिहून घ्या, तुमचा ऋतूंचा प्लॅन तिथेच तयार होतो. माझं स्पष्ट मत आहे की बाहेरून थीम आणायची काही गरज नाही, आपल्या पंचांगात ती आधीच आहे.

चैत्रापासून धरा. चैत्रगौर तृतीयेला बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत, तर हा सगळा महिना घरात पितळ आणि पाणी दिसू द्या. दारात आत येताच तांब्याचं घंगाळ काठोकाठ पाण्याने भरून त्यात मोगरा नाहीतर कडुनिंबाचा मोहर, बाजूला माठ, खिडकीला वाळ्याचा पडदा, बस. मालवा दुपारी तापतो पण मातीच्या घरात पाणी शिंपडलेला वाळा लावलात तर पंख्याची आठवण येत नाही. जाड गोधड्या, लोकरीची आसनं, गडद पडदे सगळं ट्रंकेत. उन्हाळ्यात भिंती रिकाम्या ठेवा, डोळ्याला गारवा वाटतो. एकच सांभाळा, हळदीकुंकवाला पन्हं पितळी घागरीत ठेवायचा मोह होईल, पण आत कल्हई नसेल तर अजिबात नको, आंबट पदार्थ पितळेला खातो आणि ते पोटात जातं. कल्हईवाला मिळाला तर नवसागर आणि कथील घेऊन तो अर्ध्या तासात भांडं चांदीसारखं करून देतो. नाही मिळाला तर घागर नुसती शोभेला आणि पन्हं बरणीत.

पावसाळ्यात उलट करायचं, म्हणजे वस्तू काढण्यापेक्षा वर ठेवायच्या. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे मालव्यातल्या जुन्या घरांच्या भिंतींना दरवर्षी चिरा जातात आणि जमिनीलगत ओल चढते. जमिनीला टेकलेलं लाकडी काहीही असू दे, पाट, चौरंग, पेटी, सगळ्याखाली फरशीचे तुकडे ठेवा. भिंतीला पण चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. आणि चिरा दिसल्या की सिमेंट लावू नका हो, तेलरंग तर नकोच. मातीची भिंत ओल बाहेर सोडते, तिचं तोंड बंद केलं की ओल आतच राहते आणि मग पोपडे पडतात. माती, भुसा, शेण आणि वर चुना, जे आधी होतं तेच.

आषाढी अमावास्येला दिव्याची अवस. माझा वर्षातला सगळ्यात आवडता दिवस. घरातले सगळे दिवे काढायचे, समई, निरांजनं, लामणदिवे, जुना कंदील असेल तर तोही, घासून पुसून पाटावर मांडायचे आणि पूजा करायची. तुमच्या घरात तर दोन लामणदिवे आहेत! ते त्या दिवशी उतरवा आणि साखळीची एकेक कडी बोटाने तपासा, झिजलेली असेल तर कडी बदला, आणि ज्या खुंटीला टांगता तिच्या भोवतीचं लाकूड नखाने दाबून बघा, मऊ लागलं तर तिथे टांगू नका. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून जिवतीचा कागद देवघराजवळ लावायचा. (शेजारच्या मालवी काकूंचा सावन आपल्या पंधरा दिवस आधी सुरू झालेला असतो, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, त्यामुळे शेजारचा आणि आपला मिळून इकडच्या मराठी घरांत श्रावण जरा लांबच चालतो, मला ते फार आवडतं.)

मग भाद्रपद. गौरी-गणपती झाले की पितृपक्षात गावातल्या मुली भिंतीवर संजा काढतात, शेणाने आकार काढून त्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, रोज नवीन आणि शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती. तुमच्या ओसरीची एक भिंत गावातल्या पोरींना द्या, खरंच सांगते, कुठल्याही दुकानातल्या वॉल हँगिंगने ती शोभा येणार नाही. सर्वपित्रीला संजा संपते आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणजे पाटावर हत्ती काढून आपला भोंडला. माळ्यावरचा सगळ्यात जुना पाट त्यासाठी राखून ठेवा. दिवाळीला अंगणात गेरूने सारवून खडूच्या पांढऱ्या रंगाने मालवी मांडणा म्हणजे इकडची रांगोळी, लामणदिवे पेटवलेले, आणि बाकी काही नको. विजेच्या माळा लावल्यात तर लामणदिव्याचा उजेड दिसतच नाही.

थंडीत बंब बाहेर येतो. नुसता शोभेला ठेवणार असाल तर कोपऱ्यात ठेवा आणि त्याच्यापाशी गोधड्यांची चळत, शेगडी, तिळाच्या लाडवांची बरणी. पेटवणार असाल तर अंगणात पेटवा आणि पाण्याशिवाय कधीच नको, कारण जुन्या बंबाचे सांधे डाक म्हणजे वितळवलेल्या धातूचा टाका लावून जोडलेले असतात, रिकामा तापला की डाक वितळते आणि बंब कायमचा गळायला लागतो. फाल्गुनात रंगपंचमी झाली की तो पुसून, कोरडा करून परत माळ्यावर.

आणि हो, एका वेळी निम्म्याच वस्तू बाहेर ठेवा. सगळं एकदम मांडलं की एकही दिसत नाही.

प्रश्न : आईचा पितळी डबा आणि तांब्या काळे पडले होते. ऑनलाइन बघून ॲसिडवाल्या लिक्विडने धुतले तर चमकले खरे पण मधे मधे गुलाबी डाग आलेत. ते कसे घालवू? — रतलाम

उत्तर : ते डाग बाहेरून लागलेले नाहीत, म्हणून घासून जाणार नाहीत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कडक ॲसिड जस्ताला आधी खातं, वर तांबं उरतं आणि ते गुलाबी दिसतं. आता ॲसिड पूर्ण बंद करा, साध्या साबणाने धुवून पूर्ण कोरडं करा आणि वापरात ठेवा, हाताळून हाताळून वर्षभरात रंग बराच सारखा होतो. यापुढे चिंच नाहीतर लिंबू-मीठ, तेसुद्धा दोन मिनिटं, आणि लगेच भरपूर पाण्याने धुणं. रात्रभर चिंचेत भिजवून ठेवायचं नाही.

हे मी इतकं कळकळीने सांगते कारण माझ्याकडे असंच झालंय. आजीच्या तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, लग्नातलं, छोट्या छिन्नीने एकेक टोचा मारून काढलेलं. उजवीकडची अक्षरं पुसट होती कारण आजी त्या बाजूने धरायची, तिच्या अंगठ्याखाली ती झिजली होती, डावीकडची मात्र स्पष्ट. एका दुकानात पॉलिशला दिला आणि त्यांनी मशीनच्या बफवर धरला. परत आला तेव्हा आरशासारखा होता आणि नाव नव्हतं. ठिपके तर गेलेच पण अंगठ्याची ती झीज पण गेली, सगळीकडून सारखाच गुळगुळीत. मी तो तांब्या हातात घेऊन कितीतरी वेळ नाव शोधत होते. म्हणून ज्या भांड्यावर नाव, तारीख, गावाचं नाव असं काही असेल ते मशीनला अजिबात द्यायचं नाही, आणि आज संध्याकाळीच त्याचा तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा. उजेड बाजूने आला की पुसट अक्षरंसुद्धा उठून दिसतात.

प्रश्न : जुन्या सागवानी झोपाळ्याच्या पाटातून पीठ पडतं. आणि कपाटाची दारं पावसाळ्यात लागत नाहीत, सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ का? — महू

उत्तर : रंधा नका मारू! लाकूड पावसात ओल घेऊन फुगतं आणि हिवाळ्यात आकसतं. आत्ता ताशीव करून घेतलंत तर पौषात दारात बोटभर फट पडेल आणि मग परत जोडता येणार नाही. पंधरा दिवस कोरडे जाऊ द्या, कडांना मेण घासा, नोव्हेंबरात पण अडकत असेल तरच सुतार.

पीठ म्हणजे घुण. पण ते जुनं आहे की किडा अजून जिवंत आहे हे आधी बघायचं. भोकं मेणाने बुजवा, खाली काळा कागद पसरा आणि आठ-दहा दिवस झोपाळा वापरू नका. काळ्या कागदावर पिवळसर पांढरी रेघ पडली किंवा शेजारी टाचणीच्या डोक्याएवढं नवीन भोक दिसलं म्हणजे किडा आहे. मग पाट कड्यांवरून उतरवून बाकीच्या लाकडापासून लांब ठेवा, हार्डवेअरच्या दुकानातलं लाकडाचं कीडनाशक ब्रशने सगळीकडून आणि सिरिंजने एकेका भोकात भरा, पंधरा दिवसांनी परत एकदा. आणि पोरांना झोक्यावर बसवायच्या आधी कड्या जिथे पाटाला लागतात तिथलं लाकूड ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तो झोपाळा आता नुसता बैठक म्हणून वापरायचा, टांगायचा नाही.

सगळं झाल्यावर वरून अळशीचं तेल, पातळ हात, जास्तीचं पुसून काढायचं. आता हे नीट वाचा. अळशीच्या तेलाने ओला झालेला फडका चुरगळून कोपऱ्यात टाकायचा नाही. ते तेल वाळताना आपोआप तापतं आणि गोळा केलेला फडका स्वतःहून पेट घेऊ शकतो, आणि शेतातल्या घरात बाजूलाच भुसा असतो. फडका उन्हात मोकळा पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : आजोबांच्या वेळची रवि वर्म्याची लक्ष्मी फ्रेममध्ये आहे, काचेच्या आतून डाग पडायला लागलेत. — इंदूर

उत्तर : राजा रवि वर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि तिथून ह्या तसबिरी घराघरांत गेल्या, त्यामुळे तुमची खरंच जुनी असू शकते. पहिलं काम, पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर आजच काढा, आपल्याकडे पावसाचा मारा त्या बाजूने असतो. आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा म्हणजे मागून हवा खेळेल. कागद काचेला चिकटलेला दिसला तर घरी उघडू नका, रंग काचेवर निघून येतो. समईच्या अगदी वर पण नको, काजळी बसते.

प्रश्न : एका भंगारवाल्याकडे दगडी उखळ आहे आणि एक कोरीव दगडी मूर्तीचा तुकडा, तो म्हणतो दोनशे वर्षांचा. फार्महाऊसच्या अंगणात तुळशीपाशी छान दिसेल. घेऊ का? — सांवेर

उत्तर : उखळ घ्या, मूर्ती घेऊ नका. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांच्या वरची मूर्ती म्हणजे पुरावशेष, तिची नोंदणी लागते, विकणाऱ्याकडे लायसन्स लागतं, आणि भंगारात आलेली मूर्ती कुठल्या तरी देवळातून निघालेली असण्याची भीती असते. मालव्यात परमार राजांच्या काळातले कोरीव दगड शेतांत, विहिरींवर, देवळांच्या ओट्यांवर सापडतात, ते ज्या गावातले त्या गावातच राहिले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. त्या माणसाला तुकडा कुठून आला विचारा, आणि पुरातत्त्व विभागाच्या ऑफिसात किंवा ठाण्यात कळवा.

उखळ मात्र नुसतं कुंडी म्हणून वापरू नका, आत माती भरली की दगडाचा तो झिजून गुळगुळीत झालेला खळगा दिसतच नाही. तुळशीपाशीच ठेवा, पाणी भरा, उन्हाळाभर चिमण्या येतील. चार दिवसांनी पाणी बदलत जा, डास होतात.