पुदिन्याचा चहा आणि जळजळ

प्रश्न: ताई, जेवण झालं की पोट जड होतं म्हणून रोज पुदिन्याचा चहा घेते. पण रात्री आडवं झालं की छातीत जळजळ होते. पुदिना तर थंड ना, मग असं का? आणि जुडी दोन दिवसांत काळी पडते, त्याचं काय करू?

उत्तर: अगं, थंड वाटतो तो, पण खरं म्हणजे पुदिन्यातलं मेंथॉल हे द्रव्य आपल्या नसांमधल्या गारवा ओळखणाऱ्या रिसेप्टरला फसवतं, तापमान काही उतरत नाही. गॅस, मुरडा यावर पुदिना बरा कारण तो आतड्याचे स्नायू सैल करतो, पण तोच अन्ननलिकेच्या खालची झडपही सैल करू शकतो आणि मग अ‍ॅसिड वर येतं. म्हणजे तुझ्या जळजळीवर पुदिना उलटाच पडत असेल, आठवडाभर बंद करून बघ, तरी थांबली नाही तर डॉक्टरांना दाखव. आणि हो, घरात तान्हं बाळ असेल तर पुदिन्याचं तेल किंवा मेंथॉलचा बाम त्याच्या नाकाजवळ अजिबात नको, श्वास अडकू शकतो, हे मी सगळ्यांनाच सांगत असते.

जुडीचं सोपं आहे, न धुता काळी पानं काढून टाक, देठं पाण्याच्या ग्लासात उभी कर, वरून पिशवी सैलसर घालून फ्रिजमध्ये ठेव, पाणी एक-दोन दिवसांनी बदल. दोन-चार जाड देठं मात्र ओट्यावरच पाण्यात ठेव, साधारण आठ-दहा दिवसांत पेरापाशी पांढरी मुळं फुटतात, ती कुंडीत लाव. वेगळ्या कुंडीत हं, नाहीतर शेजारच्या झाडाला जागाच ठेवत नाही तो!