बाबाला सांग, आईला सांग

प्रश्न : आम्ही दोघं दीड वर्षापासून वेगळे राहतो. मुलगी आठ वर्षांची. शुक्रवारी ती वडिलांकडे जाते, रविवारी संध्याकाळी येते. आल्यावर तास-दोन तास गप्प असते, कधी पोट दुखतं म्हणते. विचारलं तर ‘काही नाही’. तिकडे काही बिनसतं का? आमचं आपसात बोलणं नाही, काय सांगायचं ते तिच्याबरोबरच कळवते.

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण बहुधा गाठ तिथेच आहे. ‘बाबाला सांग, फी भरायची राहिलीय,’ हा निरोप तिने दिला की बाबाच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा तिला दिसते. ती आठी आपल्यामुळेच पडली असं तिला वाटतं. मग तिकडचं उत्तर घेऊन ती तुमच्या दारात येते आणि तुमचा चेहरा वाचते. पोटात गोळा यायला एवढं पुरे.

आजपासून निरोप थेट द्या, तेही लिहून. एका संदेशात एकच विषय, चार-पाच ओळी, त्यात तारीख आणि काय हवं ते स्पष्ट. ‘तुला कधी लक्षातच राहत नाही’ असं लिहिलंत तर उत्तर फीबद्दल येणार नाही, ‘कधी’बद्दल येईल. त्याऐवजी ‘फीची मुदत 10 तारखेला संपते. तुझा अर्धा भाग 8 पर्यंत भरशील का?’ आजारपण सोडून बाकी संदेशांना 24 तासांत उत्तर द्यायचं, असं दोघांनी ठरवून घ्या. रागात लिहिलेला मजकूर सकाळपर्यंत पाठवू नका. आठवड्यातून एकदा, मुलगी झोपल्यावर, 15 मिनिटं फोन : तब्येत, शाळा, पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक. जुना हिशेब या फोनवर काढायचा नाही; तो निघाला की पुढच्या आठवड्यात फोन उचललाच जात नाही.

आता रविवारची संध्याकाळ. एका घरातून दुसऱ्या घरात रुळायला मुलांना वेळ लागतो. नुसत्या गप्पपणावरून तिकडे काही वाईट घडलं असं धरू नका. शुक्रवारी तिकडे गेल्यावरही ती अशीच असते का, हे वडिलांना विचारा. सोडणं-घेणं दोन-तीन मिनिटांत उरका, दारात चर्चा नको. जमलं तर शुक्रवारी तुम्ही शाळेत सोडा आणि वडिलांनी शाळेतून न्यावं, म्हणजे दोघांच्या मध्ये उभं राहायची वेळच तिच्यावर येत नाही. ब्रश, रात्रीचे कपडे, चपला दोन्ही घरी वेगळ्या ठेवा. ये-जा करायचं ते दप्तर, चालू औषध आणि तिची आवडती उशी यांनीच. यादी दप्तराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि ती मोठ्यांनी तपासा. वही राहिली म्हणून बोलणी तिला बसता कामा नयेत.

आल्या आल्या ‘काय काय केलंत?’ नको. अर्धा तास तिला तिच्या कोपऱ्यात राहू द्या. पोटदुखी पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांनाही दाखवा, मनाचंच आहे असं परस्पर ठरवू नका.

एक मात्र ठामपणे सांगतो. मारहाण, धमक्या किंवा मुलीला स्पष्ट भीती असेल, तर यातलं काही लागू नाही. तिथे समोरासमोर भेट टाळा, मुलीला पाठवण्याआधी वकील आणि समुपदेशकाशी बोला. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं 9 वं कलमही दोन्ही पालकांना नियमित भेटण्याचा मुलाचा हक्क मान्य करतं, पण ते मुलाच्या हिताविरुद्ध नसेल तरच.

प्रश्न : आम्ही एकत्रच राहतो, पण घरात मी मऊ आणि बायको कडक. मुलगा मोबाइल आधी तिच्याकडे मागतो, ती नाही म्हणाली की माझ्याकडे येतो. मी देतो, मग आमचं वाजतं.

उत्तर : पहिलं ‘नाही’ त्या दिवसापुरतं दोघांचं. तुम्हाला पटलं नसलं तरी मुलाला ‘आईशी बोलून सांगतो’ एवढंच म्हणा, आणि खरंच बोला. नाहीतर ती थाप आहे हे त्याला आठवड्यात कळतं. सगळ्यावर एकमत लागत नाही. झोपेची वेळ, मोबाइल, अभ्यास आणि हात न उगारणं, हे चार नियम सामाईक ठेवा, बाकी ज्याची त्याची पद्धत चालू द्या. वाजलंच तर ‘अर्ध्या तासाने बोलू’ म्हणून थांबा. तापलेलं शरीर निवायला किमान वीसेक मिनिटं जातात. भांडण मुलासमोर झालं असेल तर ते मिटलेलंही त्याला दिसू द्या. बंद दारामागे मिटलेलं भांडण त्याच्या लेखी चालूच असतं.

प्रश्न : घटस्फोट झालाय. सहा वर्षांचा मुलगा विचारतो, ‘तुम्ही परत एकत्र राहाल?’

उत्तर : ‘बघू’ म्हणू नका, तो त्यावर महिनोन्‌महिने वाट बघेल. ‘नाही राजा, आम्ही वेगळ्याच घरात राहणार. हे तुझ्यामुळे झालं नाही. आई तुझीच, बाबा तुझाच.’ शक्यतो दोघांनी हेच शब्द वापरा. तो पुन्हा विचारेल. तितक्याच शांतपणे पुन्हा सांगा.