पोस्टर फाडलं, बाटली तशीच

बेळगावच्या शहापूरहून एका आईचं पत्र आलंय. तेरा वर्षांचा मुलगा गोवावेसच्या तलावात रोज पोहायला जातो. त्याने खोलीत अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्सचं पोस्टर लावलं होतं. फेल्प्सचा गांजा ओढतानाचा जुना फोटो वडिलांनी मोबाईलवर पाहिला आणि पोस्टर टराटरा फाडलं. रविवारी वडील ग्लास भरून बसल्यावर पोराने विचारलं, "तुम्ही पिताय ते चालतंय, व्हय?" त्यावर एक मुस्काटात बसली. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. चुकलं कोणाचं, असं आई विचारतात.

ताई, मारणाऱ्याचं चुकलं. पोराचा प्रश्न उद्धट असेल, पण खोटा नव्हता.

फेल्प्सची अर्धीच गोष्ट तुमच्या घरात पोचलीय. 2008 ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णपदकं, आणि पुढच्याच फेब्रुवारीत तो फोटो छापून आला. तीन महिन्यांची बंदी, जगभर बोभाटा. पण पोलिसांनी त्याला दोनदा पकडलं ते दारू पिऊन गाडी चालवताना, 2004 आणि 2014 मध्ये. रस्त्यावरचं कोणीही मेलं असतं. दुसऱ्या वेळी सहा महिने बंदी आली, 2015 ची जागतिक स्पर्धा हुकली. मग उपचार घेतले आणि रिओत पाच सुवर्णं जिंकली. हे सगळं पोराला सांगा. पोहणं फेल्प्सकडून घ्यावं, बाकीचं घ्यायलाच हवं असं कुठंय?

गांजा साधा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे 1985 च्या कायद्याने नुसता ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तेराव्या वर्षी मेंदू अजून घडत असतो. शकॅरी रिचर्डसन या धावपटूच्या तपासणीत गांजा सापडला. बंदी एकाच महिन्याची, पण टोकियो ऑलिंपिकमधली शंभर मीटरची शर्यत गेली. खेळणाऱ्या पोराला ही भाषा लगेच कळते.

खरी अडचण मिस्टरांची आहे. गांजा म्हटलं की आपल्याकडे घराण्याची अब्रू जाते, आणि कणकुंबीचा तपासणी नाका चुकवून गोव्याहून आलेली बाटली पाहुणचारात मोडते! (तीही कायद्यात बसत नाही, हे त्यांना सांगून बघा.) पोरासमोर प्यायची नाही, एवढ्यावर भागणार नाही, वास येतो, आवाज चढतो, पोराला सगळं कळतं. त्यांनी आधी हात उचलल्याबद्दल माफी मागावी. मग मी का पितो, किती पितो, हे न चिडता सांगावं. सांगता येत नसेल किंवा सोडवत नसेल, तर धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी रुग्णालयात, दाखवा. त्यात लाज कसली? पोस्टर त्यांनीच नवं आणून द्यावं, पोराला फेल्प्सच हवा असेल तर फेल्प्सचंच.

आणि एक. रविवारी चकणा कोण तळतं, ते पत्रात नाही. तुम्हीच तळत असाल, तर या रविवारी तळू नका.