गुन्हे जास्त की नोंदी जास्त?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : 'सर्वांत असुरक्षित शहरे' अशी यादी दरवर्षी बातम्यांत येते. दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, हे त्यात दिलेले असते. म्हणजे लहान-मोठ्या शहरांची तुलना बरोबरीची झाली ना? मग ती मान्य करायला हरकत काय?

उत्तर : लाखामागचा दर काढणे ही चांगली सुरुवात आहे, पण तेवढ्याने तुलना बरोबरीची होत नाही. अंशात, म्हणजे गुन्ह्यांच्या आकड्यात घोळ असतो, तसा छेदात, म्हणजे लोकसंख्येच्या आकड्यातही असतो. आधी छेद पाहू, कारण त्यातला घोळ कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही पकडता येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, आपल्या 'क्राइम इन इंडिया' अहवालात २० लाखांहून अधिक वस्तीच्या १९ महानगरांचे आकडे वेगळे देतो. राज्यांचा दर काढताना त्या वर्षाची अंदाजित लोकसंख्या धरली जाते. महानगरांसाठी मात्र २०११च्या जनगणनेचा आकडाच धरत आले आहेत, आणि २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही. याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणात पाहा. 'अ' शहरात २०११ साली २० लाख लोक होते, आज ३० लाख आहेत. वर्षात ६,००० गुन्हे नोंदले गेले. 'ब' शहर ५० लाखांवरून ५५ लाखांवर गेले, गुन्हे १३,७५०. जुन्या लोकसंख्येवर 'अ'चा दर ३०० आणि 'ब'चा २७५, म्हणजे 'अ' वाईट. आजच्या लोकसंख्येवर 'अ'चा दर २०० आणि 'ब'चा २५०. क्रम उलटला. झपाट्याने वाढलेल्या शहराला या पद्धतीत शिक्षाच होते.

शिवाय छेदात फक्त राहणारे लोक मोजले जातात, येणारे-जाणारे नाहीत. लंडनच्या मध्यभागी 'सिटी ऑफ लंडन' नावाचा एक चौरस मैलाचा भाग आहे. २०२१च्या गणनेनुसार तिथे साधारण ८,६०० लोक राहतात, पण कामाला पाच लाखांहून जास्त येतात. तिथे दिवसा पाकीट मारले गेले तर तो गुन्हा त्या ८,६०० माणसांच्या नावावर चढतो. बाजारपेठ, मोठे स्थानक किंवा तीर्थक्षेत्र असलेल्या प्रत्येक शहराच्या दरात हाच दोष कमी-जास्त प्रमाणात असतो. हद्दीचेही तसेच. अमेरिकेतले सेंट लुइस शहर १८७६ साली आपल्या परगण्यापासून वेगळे झाले, तेव्हापासून त्याची हद्द आखडलेलीच राहिली. शांत उपनगरे हद्दीबाहेर पडली, त्यामुळे शहराचा खुनांचा दर देशात सर्वांत वरच्यांत दिसतो. म्हणून महापालिकेची लोकसंख्या आणि पोलिस आयुक्तालयाची हद्द एकच आहे का, हे आधी पाहावे.

आता अंश. 'एकूण दखलपात्र गुन्हे' (न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिस ज्यांचा तपास करू शकतात असे गुन्हे) या रकान्यात खुनापासून मनाई आदेश मोडण्यापर्यंत सगळे एकत्र केलेले असते. देशात २०१९ मध्ये ५१,५६,१५८ गुन्हे नोंदले गेले, २०२० मध्ये ६६,०१,२८५. वाढ २८ टक्के. त्या वर्षी लोक घरात बसून होते. वाढीतला मोठा वाटा भारतीय दंडविधानाच्या कलम १८८चा होता. सरकारी आदेश मोडल्याचे हे गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले, म्हणजे टाळेबंदी मोडल्याचे खटले. विशेष व स्थानिक कायद्यांखालचे, म्हणजे दंडविधानाबाहेरच्या कायद्यांखालचे आकडेही असेच फसवतात. गुजरातेत दारूबंदी आहे. तिथे परवान्याशिवाय नुसती बाटली बाळगली तरी गुन्हा होतो, शेजारच्या राज्यात सहसा नोंदला जात नाही. म्हणून 'एकूण' हा रकाना शहरांच्या तुलनेतून बाजूलाच ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट काही गुन्हे मोजणीत गळतात. एका फिर्यादीत अनेक कलमे असली तर सर्वांत गंभीर कलमाखाली एकच गुन्हा मोजतात. घरात शिरून लुटले आणि खूनही केला, तर आकड्यांत फक्त खून दिसतो. सोनसाखळी हिसकावण्याला दंडविधानात स्वतंत्र कलमच नव्हते, त्यामुळे तोच प्रकार कुठे चोरीत जायचा, कुठे जबरी चोरीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३०४ आले. तेव्हा २०२४च्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे जोडून सरळ रेघ ओढू नये.

मग तुलना करायची कशाची? पहिली खुनाची, कारण मृतदेह लपवणे अवघड असते. पण हुंडाबळी आणि सदोष मनुष्यवध यांचे रकाने वेगळे असतात; ते मिळवूनच बेरीज पाहावी. दुसरी वाहनचोरीची. विम्यासाठी गुन्हा दाखल केल्याची प्रत लागते, त्यामुळे लोक तक्रार देतातच. तिथे छेद मात्र माणसांचा न घेता दर हजार नोंदणीकृत वाहनांचा घ्यावा. मोबाइलचोरी तुलनेला निरुपयोगी, कारण बऱ्याच ठिकाणी ती 'गहाळ' म्हणून नोंदवून विषय संपवला जातो.

प्रश्न : आमच्याकडे महिलांवरील अत्याचारांचे गुन्हे तीन वर्षांत दुप्पट झाले. पोलिस म्हणतात, 'लोक आता पुढे येऊन तक्रार देतात.' ही सबब समजायची की खरे मानायचे?

उत्तर : दोन्ही शक्य आहे, आणि फरक तपासता येतो. पोलिसांचे आकडे वाढले म्हणजे गुन्हे वाढले हे गृहीतक चुकीचे आहे, असा इशारा एनसीआरबी स्वतःच अहवालात देते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिस तपासणी यंत्रणेने २०१४ साली हिशेब केला, तेव्हा लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच गेले नव्हते असा अंदाज निघाला. तिथे १९८२ पासून घरोघरी विचारून केलेले सर्वेक्षण आहे, म्हणून पोलिसांचा आकडा ताडून पाहता येतो. आपल्याकडे असे दरवर्षीचे राष्ट्रीय सर्वेक्षण नाही. त्यामुळे पडताळा आकड्यांच्या आतूनच घ्यावा लागतो.

तो असा. सौम्य आणि गंभीर गुन्हे शेजारी मांडा. विनयभंग, पाठलाग, किरकोळ मारहाण यांची नोंद वाढली, पण गंभीर दुखापत, खुनाचा प्रयत्न आणि हुंडाबळी जागेवर राहिले, तर वाढ बहुधा नोंदणीतली आहे. सगळेच एकत्र चढले तर काळजीचे कारण खरे. मग तारखा पाहा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात दिला. त्याच वर्षी हरवलेल्या मुलांबाबत अपहरणाचा गुन्हा नोंदवण्याचे निर्देश आले. अशा आदेशानंतर, नवी ऑनलाइन सोय सुरू झाल्यावर किंवा महिला कक्ष उघडल्यावर आकडा एकाच महिन्यात उडी मारतो. खरी गुन्हेगारी सहसा तशी उडी मारत नाही. म्हणून वार्षिक आकड्यांवर थांबू नका, मासिक आकडे मागा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. नोंद वाढली म्हणून ठाण्याच्या प्रमुखाला झापले, तर पुढच्या वर्षी आकडा खाली येईल. तक्रारदार बाई मात्र दारातूनच परत जाईल. महिलांवरील गुन्ह्यांचा कमी दर पाहून आनंद मानण्यापूर्वी, तिथे तक्रार घेतली जाते का, हे विचारायलाच हवे.

प्रश्न : शहरात गेल्या वर्षी २५ खून झाले, यंदा ३६. '४४ टक्के वाढ' असा मथळा आला. हे गंभीर नाही का?

उत्तर : प्रत्येक खून गंभीरच असतो, पण एवढ्यावरून शहर बिघडले असे सिद्ध होत नाही. सोपी कसोटी लावा : दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिचे वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. फरक त्याहून कमी असेल तर तो योगायोगानेही येऊ शकतो. इथे बेरीज ६१, वर्गमूळ सुमारे ७.८, दुप्पट १५.६. फरक ११ आहे, म्हणजे मर्यादेच्या आत. एका टोळीयुद्धात किंवा एकाच घरात चार-पाच माणसे मारली गेली तर ही कसोटीसुद्धा कमी सावध ठरते, कारण ते खून एकमेकांपासून सुटे नसतात. लहान शहरांसाठी तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्यावी.

प्रश्न : दोषारोपपत्राचे प्रमाण ९० टक्के म्हणजे पोलिस चांगले ना?

उत्तर : हे प्रमाण, म्हणजे तपासाअंती न्यायालयात आरोपपत्र दाखल झालेल्या प्रकरणांची टक्केवारी, पोलिसांनी वर्षात निकाली काढलेल्या प्रकरणांतून काढतात. तपास रखडलेली प्रकरणे छेदात येतच नाहीत. सोपी प्रकरणे निकाली काढून अवघड प्रलंबित ठेवली तरी टक्केवारी झकास दिसते. शेजारचा प्रलंबित तपासाचा रकाना वाचल्याशिवाय मत बनवू नये.

प्रश्न : मुलीला शिक्षणासाठी दोनपैकी एका शहरात पाठवायचे आहे. गुन्हेदरावरून ठरवू का?

उत्तर : नको. शहराचा सरासरी दर तिच्या रोजच्या रस्त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. सिएटल शहराच्या १४ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा साधारण निम्मे गुन्हे दरवर्षी चार-पाच टक्के रस्त्यांवर घडलेले दिसले. एकाच शहरातल्या दोन गल्ल्यांमधला फरक दोन शहरांमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

महाविद्यालय आणि वसतिगृह कोणत्या पोलिस ठाण्याच्या हद्दीत येतात ते शोधा. पोलिस आयुक्तालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि त्या ठाण्यांचे गेल्या पाच वर्षांचे गुन्हाप्रकारनिहाय, महिनावार आकडे मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. 'गुन्ह्यांची माहिती द्यावी' असे मोघम लिहिले तर वार्षिक बेरीज हातात पडते, म्हणून शीर्षके नावानिशी लिहा : विनयभंग, पाठलाग, जबरी चोरी, घरफोडी. घटना कोणत्या वेळेत घडल्या तेही विचारा. वाट पाहायची नसेल तर पोलिसांचे संकेतस्थळ पाहा : संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) तिथे टाकावे लागतात. ठाणे आणि तारीख निवडून ते वाचता येतात. मात्र लैंगिक गुन्हे संवेदनशील म्हणून त्यात नसतात. तेव्हा ती यादी कोरी दिसली तरी त्या बाबतीत निश्चिंत होऊ नका. त्यासाठी वसतिगृहात आधीपासून राहणाऱ्या मुलींशीच बोला.